पायी चालणाऱ्याचा रस्ता

इतिहासाच्या ग्रंथांतून लढायांना, तहांना आणि राजवटींना भरपूर जागा मिळते. ज्या रस्त्यावरून सैन्ये गेली, व्यापारी गेले आणि संतमहंत गेले, त्या रस्त्याचा इतिहास मात्र कोणी फारसा लिहीत नाही. रस्ता हा जणू आकाशासारखा आपोआप अस्तित्वात आला आणि आज तो जसा आहे तसाच पूर्वापार होता, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती तशी नाही. रस्ता कोणाचा, त्यावर प्रथम हक्क कोणाचा आणि कोणी कोणासाठी बाजूला व्हायचे, या प्रश्नांची उत्तरे माणसांनी वेळोवेळी दिलेली आहेत आणि बदललेलीही आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही या बदलाचा मागोवा घेऊ इच्छितो. मसुऱ्यासारख्या खेड्यात बसून शहरातील रस्त्यांची उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आमच्या पंचक्रोशीतील क्वचितच असे घर असेल की ज्यातील कोणी ना कोणी मुंबईला अथवा पुण्याला नोकरीधंद्यासाठी नाही. चाकरमानी शहरात ज्या रस्त्याने चालतो, त्या रस्त्याशी गावातील आईबापांच्या काळजाची तार जुळलेली असते.

१८९६ : पहिला बळी

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक गृहिणी आपल्या मुलीसह चालली होती. कार्डिनल मॅनिंग यांनी स्थापन केलेल्या 'लीग ऑफ द क्रॉस' या कॅथलिक मद्यपानविरोधी संघटनेचा मेळावा तेथे भरला होता आणि त्यासाठी ती आली होती. त्याच आवारात एक कंपनी नव्याने निघालेल्या मोटारगाडीची प्रात्यक्षिके दाखवीत होती. गाडीचा वेग आजच्या मानाने हास्यास्पद, म्हणजे धावत्या माणसाहून फारसा अधिक नव्हता. तरीही गाडी अंगावर आली आणि ब्रिजेटचा जागीच अंत झाला. ब्रिटनमध्ये पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीखाली सापडून मरण पावलेली ही पहिली पादचारी. चौकशी झाली, मृत्यू अपघाती ठरला, आणि असे पुन्हा कधी घडू नये अशी आशा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने व्यक्त केली, असे सांगतात.

त्या आशेचे पुढे काय झाले हे आपण जाणतोच. परंतु या घटनेभोवतीचा एक तपशील अधिक बोलका आहे. तोवर इंग्लंडात असा कायदा होता, की रस्त्यावरून यंत्राने चालणारी गाडी न्यायची असेल तर तिच्यापुढे एका माणसाने पायी चालत जावे आणि लोकांना सावध करावे. गाडीचा वेग अशा रीतीने माणसाच्या पावलांना बांधलेला होता. ब्रिजेटच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत, नोव्हेंबर १८९६ मध्ये, हा नियम रद्द झाला आणि वेगमर्यादा ताशी चौदा मैलांपर्यंत वाढली. पुढे चालणारा माणूस रस्त्यातून बाजूला झाला तो कायमचाच.

अमेरिकेत पुढची पायरी गाठली गेली. १९२० च्या दशकापर्यंत तेथील शहरांत मुले रस्त्यावर खेळत, फेरीवाले उभे राहत, लोक हवे तेथे रस्ता ओलांडीत. मोटारींखाली माणसे, विशेषतः मुले, मरू लागली तेव्हा प्रारंभी जनतेचा रोष मोटारींवर होता. मोटार उद्योगाने आणि मोटारमालकांच्या संघटनांनी पद्धतशीर प्रचार करून हा रोष पादचाऱ्याकडे वळविला. रस्ता कसाही ओलांडणाऱ्याला गावंढळ ठरविणारा एक शब्दच प्रचारात आणला गेला. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसने वाहतुकीचे नवे नियम केले आणि पादचाऱ्याने कोठे, केव्हा ओलांडावे हे ठरवून टाकले. नियम असावेत यात शंका नाही. परंतु अपराधी कोण, याची व्याख्या येथे उलटी झाली. मारणाऱ्याने जपावे याऐवजी मरणाऱ्याने जपावे, असे ठरले. पुढे जगातील बहुतेक शहरांनी हीच वाट धरली आणि आपणही तिला अपवाद राहिलो नाही.

कोकणची पायवाट

आमच्या कोकणाचा इतिहास हा मुळात पायी चालण्याचा इतिहास आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेत मुरूडहून साताऱ्याला परीक्षेसाठी निघाले ते पायीच. शंभर मैलांहून अधिक अंतर, वाटेत सह्याद्रीचा घाट. आणि पोहोचल्यावर वय लहान दिसते म्हणून परीक्षेला बसू दिले गेले नाही. पुढे हिंगण्याला आश्रम काढल्यावर तेथून पुण्यापर्यंतची रोजची रपेट त्यांनी चिखल तुडवीत केली. पायी चालणे ही त्या काळी दैन्याची खूण नव्हती. प्राध्यापकही चालत आणि पाटीवालाही चालत.

मसुरे गावाकडे पाहावे. गड नदीच्या काठाने पसरलेला हा गाव, वर भरतगड, खाडीपलीकडे भगवंतगड. वाडी आणि वाडी यांच्यामध्ये शेताचे मळे, व्हाळ आणि जांभ्या दगडाचे गडगे. या वाड्या एकमेकींशी जोडल्या गेल्या त्या पाणंदीने, साकवाने आणि होडीने. पाणंद ही माणसाच्या आणि गुरांच्या मापाने आखलेली असते. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने गडग्याला टेकावे आणि दुसऱ्याला वाट द्यावी, विचारपूस करावी आणि मग पुढे जावे, एवढीच तिची रुंदी. वाट देणे हा शब्दप्रयोगच पाहा. वाट घ्यायची नसते, द्यायची असते.

याच मसुऱ्याच्या आंगणेवाडीत श्री भराडी देवीची जत्रा भरते. तिची तारीख पंचांगात नसते. ग्रामस्थ रूढीप्रमाणे ती ठरवितात, आणि मग मुंबईपासून गोव्यापर्यंतचे लाखो लोक येतात. त्या दिवसांत प्रशासन गाड्या दूर थांबविते, एस.टी.साठी तात्पुरती स्थानके उभी राहतात, चालणाऱ्यांसाठी रांगा आणि वाटा आखल्या जातात, दिवाबत्ती होते, पाण्याची सोय होते. म्हणजे लाखो पादचाऱ्यांची काळजी कशी घ्यावी याचे ज्ञान आपल्या शासनयंत्रणेला नाही असे म्हणता येत नाही. जत्रा संपली की मात्र हे ज्ञान बासनात बांधून ठेवले जाते आणि उरलेल्या वर्षात शाळेला निघालेले पोर साइडपट्टीच्या खडीतून, मागे वळून पाहत, जीव मुठीत धरून चालते.

आमच्या ख्रिस्ती समाजालाही पायी वारीची परंपरा आहे. सिंधुदुर्ग आणि बेळगाव भागांतून संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणासाठी भाविकांचे जथे दर वर्षी जुन्या गोव्याकडे चालत जातात. संत जोसेफ वाझ, ज्यांना १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे संतपद बहाल केले, यांची तर कीर्तीच अनवाणी चालणारा धर्मगुरू अशी आहे. आणि ज्याच्या नावाने आपण चालतो तो आपला प्रभू गालिलीपासून यरुशलेमपर्यंत चालतच गेला. पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या दोन शिष्यांना तो भेटला तोही रस्त्यावर, त्यांच्या पावलांशी पाऊल मिळवून. घोड्यावर बसून वेगाने गेलेल्याला अशी भेट होत नाही.

रस्त्यावर चालण्याचा हक्क मागावा लागला, असेही आपल्या देशात घडले आहे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींच्या शाळेकडे निघालेल्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर शेणचिखल फेकला गेला, तो रस्त्यावरच. १९२४-२५ मध्ये त्रावणकोरातील वायकोम येथे सत्याग्रह झाला तो मंदिरप्रवेशासाठी नव्हे. मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून अस्पृश्य मानलेल्यांना चालता यावे, एवढ्यासाठी. रस्त्यावर कोणाला मुक्तपणे वावरता येते, यावरून त्या समाजात माणूस म्हणून कोणाची गणना होते हे कळते.

सायकलींचे पुणे

महाराष्ट्रात या साऱ्या स्थित्यंतराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे पुणे शहर. एके काळी पुण्याची ओळखच सायकलींचे शहर अशी होती. शहर बरेचसे सपाट, अंतरे बेताची, हवा सौम्य, आणि वस्ती विद्यार्थ्यांची, कारकुनांची, शिक्षकांची व कामगारांची. खडकीचा दारूगोळा कारखाना, पिंपरीचा १९५४ साली सुरू झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, आणि नंतर आलेले मोटारींचे कारखाने यांच्या पाळ्या सुटल्या की सायकलींचा लोंढा रस्त्यावर उतरे. तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने पेठापेठांतून होती. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडले, तर पोलीस पकडीत. त्या सक्तीविषयी जुने पुणेकर आजही हसत बोलतात. परंतु त्या सक्तीचा एक अर्थ असाही होता, की सायकल हे रस्त्यावरचे अधिकृत वाहन होते आणि नगरपालिका तिची दखल घेत होती.

मग हे शहर बदलले कसे? एकाएकी नव्हे. १९६० च्या दशकात आकुर्डीला स्कूटरचा कारखाना उभा राहिला. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली आणि त्याच वर्षी कायनेटिकची लूना आली. चेतक मिळविण्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. लूना तर सायकलीचीच धाकटी बहीण. पायटे होते, पण मारावे लागत नव्हते. मध्यमवर्गीय पुणेकराच्या दृष्टीने ही मोठीच सुटका होती आणि तिला नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही. शहर वाढत होते, अंतरे वाढत होती, सार्वजनिक बससेवा त्या मानाने वाढत नव्हती. ज्याला शक्य होते त्याने स्वतःची सोय स्वतः केली. आम्ही पुण्यात धर्मगुरुपदाचे शिक्षण घेत होतो त्या १९९० च्या दशकात नगर रस्त्यावर सकाळच्या वेळी डबा कॅरियरला लावून निघालेले सायकलस्वार कामगार अजून दिसत. परंतु ते रस्त्याच्या अगदी कडेला ढकलले गेले होते.

चूक व्यक्तीची नव्हती, धोरणाची होती. वाहने वाढली म्हणून रस्ते रुंद केले गेले. रुंदीकरणासाठी पदपथ कापले, झाडे तोडली. रस्ता रुंद झाल्यावर वाहने आणखी वाढली. सायकलस्वाराला भीती वाटू लागली म्हणून त्याने सायकल सोडली, आणि सायकली कमी झाल्या म्हणून त्यांच्यासाठी जागा ठेवण्याचे कारण उरले नाही, असे सांगण्यात येऊ लागले. २०१८ च्या वसंतात प्रसिद्ध झालेल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या आकडेवारीनुसार पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांच्या वर गेली. ती शहराच्या लोकसंख्येहूनही अधिक होती.

तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. वाहने डोळ्यांत भरतात, चालणारी माणसे भरत नाहीत. मुंबई महानगर प्रदेशाचा सर्वंकष वाहतूक अभ्यास २००८ मध्ये पूर्ण झाला; त्यात दैनंदिन प्रवासांपैकी निम्म्याहून अधिक प्रवास पायी होतात असे आढळले. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांना कामावर कसे जाता असे विचारले गेले, तेव्हा देशभरात साडेचार कोटी लोकांनी पायी आणि अडीच कोटींहून अधिक लोकांनी सायकलने, असे उत्तर दिले. बहुसंख्य हे असे आहेत. मात्र पैसा कोठे जातो? मुंबईचा सागरी किनारा मार्ग हजारो कोटी रुपये खर्चून बांधला आणि मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्याच्या मुख्य मार्गावर सायकलीला आणि पादचाऱ्याला मज्जाव आहे, दुचाकीलाही आहे. समुद्राकडेने फिरण्यासाठी पदपथ दिला हे चांगलेच. परंतु फिरायला जाणे वेगळे आणि कामाला जाणे वेगळे.

बालहत्या थांबवा

हा प्रवाह उलटविता येतो काय? येतो, आणि त्याचा दाखला हॉलंडने दिला आहे. हॉलंड म्हणजे सायकलींचा देश, असे आपण समजतो आणि तेथील लोकांचा तो स्वभावच असावा असे मानतो. इतिहास निराळे सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमध्येही मोटारींचा सुकाळ झाला, शहरांतील जुन्या वस्त्या पाडून रस्ते रुंद झाले आणि सायकली झपाट्याने घटल्या. १९७१ या एका वर्षात त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती.

त्या मुलांपैकी एक होती फिक लांगेनहोफ या पत्रकाराची लहानगी मुलगी. ती सायकलने शाळेत जात होती. लांगेनहोफ 'दे टेइड' या, मुळात कॅथलिक परंपरेतील, दैनिकात काम करीत असे. सप्टेंबर १९७२ मध्ये त्याने आपल्या वृत्तपत्रात एक लेख लिहिला आणि पालकांनी संघटित व्हावे, असे आवाहन केले. लेखाच्या मथळ्यातून एका चळवळीचे नाव जन्मले : 'बालहत्या थांबवा'. डच भाषेत त्यासाठी वापरलेला शब्द सामान्य नव्हे. हेरोद राजाने बेथलेहेमात केलेल्या निष्पाप बालकांच्या कत्तलीला त्या भाषेत हाच शब्द आहे. ज्या समाजाने अपघात या शब्दाआड आपली जबाबदारी लपविली होती, त्याच्यापुढे त्या बापाने शुभवर्तमानातील सर्वांत करुण प्रसंगांपैकी एक उभा केला.

लोक रस्त्यावर उतरले. पालकांनी मुलांसह रस्ते अडविले, जेवणाची टेबले रस्त्यात मांडली. पुढच्याच वर्षी तेलसंकट आले आणि ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही काळ मोटारविरहित रविवार पाळले गेले. मोटारींवाचून शहर किती शांत असते हे लोकांनी कानांनी ऐकले. त्यानंतर डेल्फ्टसारख्या गावांत वस्तीतील रस्ते अशा रीतीने आखले जाऊ लागले, की वाहनाला माणसाच्या चालीनेच जावे लागावे. वेगळे सायकलमार्ग बांधले गेले. एकट्यादुकट्या योजनेने नव्हे, तर चाळीस-पन्नास वर्षांच्या सातत्याने. आता तेथील रस्त्यांवरील मृत्यूंची वार्षिक संख्या सातशेच्या आसपास असते. इंग्लंडात पुढे चालणाऱ्या माणसाला हटवून जे गमावले होते, ते हॉलंडने निराळ्या रूपाने परत आणले, असेच म्हणावे लागेल.

आपल्याकडील प्रयत्न

आपल्याकडेही प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. पुण्यात 'परिसर'सारख्या संस्था १९८० च्या दशकापासून चालणाऱ्यांची व सायकलस्वारांची बाजू मांडीत आल्या. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांची ने-आण हे ध्येय मानले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कात्रज ते हडपसर या मार्गावर बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाल्या आणि त्यांच्या जोडीला सायकलमार्ग आखले गेले. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, बसायला बाके आली, झाडे राखली गेली. डिसेंबर २०१७ मध्ये आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या सायकलमार्गांचा सर्वंकष आराखडा मंजूर झाला. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला.

कागदावर हे सारे उत्तम आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक सायकलमार्ग मध्येच संपतात, त्यांवर गाड्या उभ्या राहतात, विजेचे खांब उभे असतात. मोबाइलवरून भाड्याने मिळणाऱ्या सायकलींची योजना गाजावाजा करून आली आणि दोनतीन वर्षांत मावळली. सायकलमार्ग ही साखळी आहे; एक कडी तुटली की उरलेली निरुपयोगी. आई आपल्या मुलाला सायकलने शाळेत पाठवील की नाही हे ठरते ते वाटेतील सर्वांत धोक्याच्या चौकावरून. सर्वांत सुंदर तुकड्यावरून नव्हे.

याउलट एक उदाहरण आशादायक आहे. आळंदी आणि देहू येथून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांचे राष्ट्रीय महामार्ग म्हणून चौपदरीकरण हाती घेतले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांची पायाभरणी झाली तेव्हा रस्त्याच्या बाजूने वारकऱ्यांसाठी स्वतंत्र चालण्याचा मार्ग ठेवण्याचे ठरले. त्याआधी दोनच वर्षे, नोव्हेंबर २०१९ मध्ये, दिवे घाटात एक यंत्र दिंडीत घुसून वारकऱ्यांचे प्राण गेले होते. भक्तीच्या वाटेसाठी महामार्गाच्या कडेला जागा काढता येते, तर भाकरीच्या वाटेसाठी का काढता येऊ नये?

न्यायालयांनीही या प्रश्नात लक्ष घातले आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध व सुरक्षित पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पदपथ मोकळे करा म्हटले, की प्रशासनाचा हात प्रथम भाजीवालीच्या टोपलीवर पडतो. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात याच २१ व्या कलमाखाली उपजीविकेचा हक्कही न्यायालयाने मान्य केला होता, आणि २०१४ मध्ये फेरीवाल्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पदपथावर उभी केलेली मोटार आणि पदपथावर बसलेली भाजीवाली या दोघांनाही अतिक्रमण म्हणणे हा शब्दांचा गैरवापर होय. एका गरिबाला वाट देण्यासाठी दुसऱ्या गरिबाचा घास काढून घेणे हा न्याय नव्हे. नियोजन नीट असेल तर दोघांना जागा पुरते, आणि फेरीवाले असलेला रस्ता रात्री एकट्यादुकट्या स्त्रीला अधिक सुरक्षितही वाटतो.

पाचवी आज्ञा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ३२,८०० पादचारी होते, म्हणजे दिवसाला जवळजवळ नव्वद. आपण या संख्येला अपघात म्हणतो आणि पुढचे पान उलटतो.

ख्रिस्तसभेची शिकवण एवढ्यावर थांबत नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात मद्याच्या नशेत अथवा वेगाच्या आवडीपायी रस्त्यावर स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष म्हणून नोंदविला आहे, आणि तोही पाचव्या आज्ञेच्या विवेचनात. १९ जून २००७ रोजी व्हॅटिकनच्या स्थलांतरित व प्रवासी यांच्या सेवेसाठी असलेल्या परिषदेने रस्त्यावरील सेवाकार्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत. वृत्तपत्रांनी त्यांची थोडी चेष्टा केली. परंतु मोटार हे सत्ता गाजविण्याचे साधन होऊ नये आणि रस्त्यावर दुर्बलाचे रक्षण करावे, या त्यांतील दोन आज्ञा चेष्टेवारी नेण्यासारख्या नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात शहरांतील वाहतुकीचा आणि माणसाच्या जीवनमानाचा संबंध सांगून सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम देण्याची गरज मांडली.

बायबलच्या जुन्या करारातही या प्रश्नाला थेट लागू पडणारे दोन नियम आम्हाला आढळतात. अनुवाद ग्रंथात सांगितले आहे, की नवे घर बांधताना धाब्याला कठडा घालावा. नाहीतर कोणी पडून मेल्यास रक्ताचा दोष त्या घरावर येईल. पडणाऱ्याने जपून चालावे असे तेथे म्हटलेले नाही; जबाबदारी बांधणाऱ्यावर आहे. दुसरा नियम निर्गम ग्रंथातील मारक्या बैलाचा. बैल मारका आहे हे धन्याला आधी कळविलेले असूनही त्याने त्याला बांधून ठेवले नाही आणि माणूस मेला, तर धनीही दोषी. आपल्या महामार्गांवर 'अपघातप्रवण क्षेत्र' अशा पाट्या जागोजाग दिसतात. अशी पाटी लावणे म्हणजे बैल मारका असल्याचे मान्य करणे होय. पाटीने बैल बांधला जात नाही. त्यासाठी वळण सुधारावे लागते, गतिरोधक घालावा लागतो, दिवा लावावा लागतो, पदपथ बांधावा लागतो.

आणि जखमी होऊन पडलेल्याचे काय? यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवरचा दयाळू शोमरोनी आता भारताच्या कायद्यातही आला आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या सूचनांना मान्यता दिली, आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत अशा माणसासाठी संत लूकच्या दाखल्यातीलच नाव वापरले गेले. मदत करणाऱ्याला पोलीस चौकशीत अडकवीत नाहीत, हे प्रत्येक धर्मगुरूने व्यासपीठावरून सांगण्यासारखे आहे.

आपल्या दारातला रस्ता

इतिहासाचा उपयोग पश्चात्तापापुरता नसावा. कोकण आज अशा टप्प्यावर उभे आहे, जेथे पुणे पन्नास वर्षांपूर्वी उभे होते. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण आपण पाहिले. आता रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाचे काम चालू आहे. खाड्यांवर नवे पूल होत आहेत, आणि आचरे-मालवण पट्ट्यातून वेगवान वाहतूक वाहू लागेल. रस्ता आल्याने रुग्ण लवकर इस्पितळात पोहोचेल, मासळी आणि आंबा लवकर बाजारात पोहोचेल. आम्ही त्याचे स्वागतच करतो. परंतु तो रस्ता ज्या वाड्यांमधून जाईल, तेथे पलीकडच्या मळ्यात जाणारी म्हातारी, शाळेला जाणारी मुलगी आणि मिस्सेला अथवा देवळात निघालेला वृद्ध तो कसा ओलांडणार, हे आराखडा कागदावर असतानाच विचारले पाहिजे. रस्ता झाल्यावर विचारणे म्हणजे घर बांधून झाल्यावर आणि माणूस पडल्यावर कठड्याची आठवण होणे.

यासाठी मोठ्या चळवळीचीच गरज आहे असे नाही. ग्रामसभेत ठराव मांडता येतो : वस्तीच्या हद्दीत वेगमर्यादा व गतिरोधक असावेत, शाळा, चर्च, देऊळ व बाजार यांच्यासमोर ओलांडण्याच्या जागा आखाव्यात, साइडपट्टी भरून चालण्याजोगी करावी, जुन्या पाणंदी बुजवू नयेत आणि साकव दुरुस्त ठेवावेत. पाणंद हा तर आपला आयता, वाहनांपासून वेगळा असलेला पादचारी आणि सायकल मार्ग. परदेशी शहरे असे मार्ग कोट्यवधी रुपये खर्चून बांधतात. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. परंतु सायकल देऊन रस्ता न देणे हे अर्धे दान झाले. धर्मग्रामाच्या पातळीवर रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या दारातून प्रथम पायी माणसे जातील आणि मग गाड्या निघतील, एवढा साधा शिरस्ता घालता येईल. मुंबई-पुण्यातील आपल्या धर्मग्रामांनी आपल्या शाळेपासून पाचशे पावलांपर्यंतचा रस्ता एकदा मुलांबरोबर चालून पाहावा, अडचणींची यादी करावी आणि प्रभाग कार्यालयात सर्वधर्मीय शेजाऱ्यांसह नेऊन द्यावी. खड्डा हिंदू अथवा ख्रिस्ती पाहत नाही, आणि खड्ड्यासाठी एकत्र आलेली माणसे पुढे इतर कामांसाठीही एकत्र राहतात.

कोणाला हा विषय आध्यात्मिक वाटणार नाही. त्यांना आमचे इतकेच सांगणे आहे, की पहिल्या शतकात आपल्या धर्माला ख्रिस्ती हे नाव मिळण्यापूर्वी अनुयायी त्याला 'मार्ग' असेच म्हणत, हे प्रेषितांची कृत्ये या ग्रंथावरून दिसते. ज्यांच्या श्रद्धेचे पहिले नावच मार्ग होते, त्यांना मार्गावरून चालणाऱ्याच्या जिवाची चिंता करणे परके वाटू नये. आमच्या मसुऱ्याच्या पाणंदीत समोरून येणाऱ्याला वाट देण्यासाठी माणूस आजही गडग्याला टेकतो. एवढाच संस्कार घेऊन आमचा चाकरमानी शहरात गाडीच्या चाकामागे बसला, आणि एवढाच संस्कार रस्ता आखणाऱ्या अभियंत्याच्या आराखड्यात उतरला, तर पुष्कळ घरांतील दिवे विझायचे वाचतील.